रिकाम्या घमेल्यांतले ठोके

मी गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात वायरमन होतो, तेव्हाची गोष्ट. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि तो नसल्याचा मला भलताच तोरा होता. आमच्या गल्लीतल्या बायका तिन्हीसांजेला पिंपळाखालून जायला घाबरायच्या, तर मी मुद्दाम तिथंच विडी ओढत उभा राहायचो. ज्याला वीज कळते त्याला भुताचं भय कसलं, असं चारचौघांत बोलून दाखवायचो. अक्का म्हणायची, एकदा दिसलं म्हणजे तोंड बंद होईल. ते दिसलं भर सकाळी, एका डॉक्टरांच्या दवाखान्यात, आणि माझं तोंड खरोखरच बंद झालं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं मूळ गाव सांगोल्याकडचं. पावसानं लागोपाठ दगा दिला तेव्हा आईवडील आम्हाला घेऊन सोलापूरला गिरणीत आले आणि थोड्याच वर्षांत पाठोपाठ गेले. मला अक्कानं वाढवलं. तिचा नवरा लवकर वारला. ती भवानी पेठेत माझ्याबरोबर राहायची, गिरणीत सूत गुंडाळायच्या रीलिंग खात्यात जायची आणि घरी आल्यावर मला रागवायची. त्या उन्हाळ्यात तिच्या पोटातली गाठ एवढी वाढली की तिला वाकून चूल फुंकता येईना. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि सांगितलं, काढावीच लागेल, नाहीतर बाई दिवाळी पाहणार नाहीत.

डॉक्टर विलायतेत शिकून आलेले. येताना त्यांनी तिकडच्या कुठल्याशा इस्पितळानं मोडीत काढलेलं एक यंत्र आणलं होतं. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे विजेची एक अगदी बारीक लाट असते, ती लाट हे यंत्र पकडायचं. दोन भल्यामोठ्या चुंबकांच्या मधे केसाहून पातळ तार ताणलेली. रोग्यानं दोन हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या तीन घमेल्यांत बुडवून बसायचं, घमेल्यांतून तारा यंत्राला जायच्या. ठोका पडला की ती बारीक तार थरथरायची आणि यंत्राच्या बॅटरीवरच्या दिव्यानं तिची सावली काचेवर उडायची. खोली बंद करून अंधारात हे सगळं चालायचं. सावली सरकत्या फिल्मवर उमटवली की त्या माणसाच्या हृदयाचा आलेख तयार.

क्लोरोफॉर्म देण्याआधी डॉक्टरांनी अक्काला त्या घमेल्यांत बसवलं. दुसऱ्या दिवशी फिल्म धुऊन आली आणि त्यांचा चेहरा उतरला. अक्काच्या ठोक्यांच्या मधे मधे भलतेच ठोके पडत होते. हृदय असं अडखळत असताना क्लोरोफॉर्म दिला तर ते टेबलावरच थांबेल, म्हणाले. म्हणजे कापलं तर आज मरण आणि न कापलं तर दिवाळीआधी. अक्का बाहेर बाकावर बसली होती. तिला काय सांगावं ते मला सुचेना, म्हणून मी डॉक्टरांवरच चिडलो.

चिडलो ते एका परीनं बरंच झालं, कारण चिडूनच मी ती फिल्म हातात घेऊन खिडकीशी धरली. मला हृदयातलं काही कळत नव्हतं, पण तारेतलं कळत होतं. अक्काचे ठोके उंच आणि टोकदार होते. मधले ठोके बुटके होते आणि ते आपल्याच चालीनं चालले होते. कधी अक्काच्या ठोक्याच्या आधी, कधी नंतर, कधी बरोबर त्याच्यावर. मी म्हणालो, डॉक्टर, एका छातीत दोन हृदयं नसतात, हे बाहेरून येतंय. डॉक्टरांनी फिल्म माझ्या हातून घेतली. मग त्यांनी कपाटातून आणखी दोन फिल्म काढल्या. त्या महिन्यात काढलेल्या तेवढ्याच. दोन्हींत तोच बुटका ठोका होता. त्यांनी त्या दोघांनाही हृदयविकार ठरवून औषध सुरू केलं होतं.

गाठ थांबणार नव्हती. चार दिवसांत काय ते शोधा, डॉक्टर म्हणाले. मी गिरणीत रजा टाकली.

दवाखान्यात एक कंपाउंडर होते. अक्कलकोटकडचे, कानडी वळणाचं मराठी बोलणारे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. रोग्यांची घमेली भरणं, मीठ मोजून घालणं, यंत्र पुसणं हे सगळं त्यांच्याकडे होतं. यंत्राला ते रोज उदबत्ती ओवाळायचे, याची मला मजा वाटली होती. मी काय शोधायला आलोय ते ऐकल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, चैत्रात मोडनिंबचा एक व्यापारी इथं घमेल्यांत हात घालून बसला होता, बसल्या जागीच गेला, आणि हे तेव्हापासून आहे.

"त्याचं काळीज आत राहिलंय, वायरमन," ते म्हणाले. "तुम्ही शोधू नका."

मी हसलो. मग कामाला लागलो.

आधी मी स्वतः घमेल्यांत बसलो, रोग्यांसारखी पाठ न करता काचेकडे तोंड करून. डॉक्टरांनी दिवा लावला आणि काचेवर माझं हृदय उडायला लागलं. ते बघणं मुळीच सुखाचं नाही. माणसाला आपलं काळीज आतून ऐकायची सवय असते, समोर भिंतीशी उड्या मारताना पाहायची नसते. आणि त्याच्या मधे मधे तो दुसरा होताच. बुटका, शांत, कसलीही घाई नसलेला. मी भराभर श्वास घेतला, माझे ठोके जोरात धावायला लागले. त्याला काही फरक पडला नाही.

मग मी हात बाहेर काढले. माणूस नसला तरी यंत्राचं मंडळ पुरं व्हायला हवं, म्हणून एक पंचा मिठाच्या पाण्यात भिजवला आणि त्याची दोन टोकं दोन घमेल्यांत सोडली. म्हटलं, आता काचेवर सरळ सावली दिसेल. डॉक्टरांनी दिवा लावला. माझं हृदय गेलं होतं. तो होता. रिकामी घमेली, त्यांत लोंबणारा ओला पंचा, आणि काचेवर एकामागून एक ठोके. मी घड्याळ काढून मोजले, मिनिटाला सत्तरच्या आसपास भरले. निरोगी माणसाचे असतात तेवढेच. मागं दाराशी कंपाउंडर उभे होते, ते तोंडातल्या तोंडात जप करायला लागले, आणि खरं सांगतो, त्यांना थांबवावं असं मला वाटलं नाही.

दवाखान्याचा मेन स्विच काढला. सावलीची कड थोडी स्वच्छ झाली, ठोके तसेच राहिले. यंत्राच्या बॅटऱ्या बदलल्या, तारा बदलल्या, सांधे घासून पुन्हा जोडले. भिंतीपलीकडे तेलुगू विणकरांचे हातमाग होते, त्यांचा धोटा दिवसभर खटखटायचा. त्यानं जमीन हादरत असेल म्हणून मी पलीकडे जाऊन हात जोडले आणि थोडा वेळ माग थांबवायला सांगितलं. कशासाठी ते त्यांना कळलं नाही, पण दवाखान्यात कुणीतरी अत्यवस्थ असेल असं समजून त्यांनी सगळेच माग थांबवले. गल्ली एकदम गप्प झाली. त्या शांततेत आम्ही अंधाऱ्या खोलीत काचेसमोर बसलो, आणि तो नेहमीच्या चालीनं चालला होता.

यंत्राला जमिनीशी जोडणारी एक तार असते, अर्थची. ती जमीन ओली नसेल तर यंत्र बिघडतं. मी कंपाउंडरना विचारलं, अर्थ कुठं दिलाय? ते म्हणाले, मुंबईच्या साहेबानं यंत्र बसवताना आडाजवळ खड्ड्यात दिला होता आणि रोज पाणी घाल म्हणाला होता. यंदा आड आटला, म्हणून मी तार हलवली, ओल कधी तुटत नाही अशा जागी बांधली. त्यांनी मागच्या खिडकीकडे बोट दाखवलं. तार खिडकीतून बाहेर पडून बेलाच्या झाडामागं गेली होती. तिथं दगडी चौथऱ्यावर त्यांची महादेवाची पिंडी होती. अंघोळ केल्याशिवाय आणि वहाणा काढल्याशिवाय तिकडं जायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. मी तार खिडकीपर्यंत तपासली, शाबूत होती. पुढं देवाच्या कोपऱ्यात माझं काय काम, म्हणून मागं फिरलो. माझ्या तोऱ्यानं मला दोन दिवस फिरवलं ते असं.

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली आणि तिनं मला जास्तच भेवडावलं. तो थकत होता. सकाळी सत्तरच्या आसपास, दुपारी पन्नास, चार वाजता तीस. पाचच्या सुमाराला दोन ठोक्यांमधे इतकं अंतर पडायला लागलं की आम्ही दोघंही श्वास धरून पुढच्याची वाट पाहत होतो. एक पडला. पुष्कळ वेळानं आणखी एक. मग सावली सरळ झाली आणि तशीच राहिली. डॉक्टरांनी दिवा मालवला नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचं कपाळ घामेजलं होतं. ते म्हणाले, तो व्यापारी अगदी असाच गेला.

सकाळी परत आलो तर तो जिवंत होता. सत्तर.

आदल्या रात्री मी घरी अक्काला काही सांगितलं नव्हतं, पण माझं जेवण पाहून तिला कळलं. तिनं मला विचारलं, यंत्रात भूत निघालं का? मी तिच्यावर खेकसलो. ती हसली आणि पोटाला हात लावून भिंतीला टेकून बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी अंधाऱ्या खोलीतून उठून मागच्या दारात येऊन बसलो. डोळे चुरचुरत होते. इतका वेळ मोजून मोजून माझं बोट आपोआप गुडघ्यावर ताल धरत होतं आणि ते थांबवायचं भान मला नव्हतं. समोर बेलाच्या झाडामागं कंपाउंडरांची पिंडी दिसत होती. उन्हाळ्यात महादेवाला ताप होऊ नये म्हणून त्यांनी तिच्यावर गळती लावली होती. बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची घागर टांगलेली, तिच्यातून पिंडीवर थेंब थेंब पाणी पडायचं. ते पाणी शाळुंकेच्या तोंडाला बसवलेल्या तांब्याच्या पन्हळीतून खाली ओल्या मातीवर ठिबकायचं. थेंब पडला आणि माझं बोट गुडघ्यावर पडलं. पुढचा थेंब पडला, बोट पडलं. मी बोट थांबवलं नाही. पाच, दहा, वीस थेंब आम्ही बरोबर चाललो होतो. काय चाललंय ते कळण्याच्या आधीच माझ्या अंगावर काटा आला.

मग मी वहाणा काढल्या. अंघोळ सकाळी झालीच होती. झाडामागं गेलो आणि पाहिलं तर अर्थची तार त्या तांब्याच्या पन्हळीला गुंडाळून पक्की बांधली होती.

दुष्काळात सोलापुरात सगळ्यांचं पाणी तुटलं होतं, रोग्यांना घोटभर पाणी जपून द्यावं लागत होतं, पण देवाची एक घागर कंपाउंडरांनी तुटू दिली नव्हती. अख्ख्या आवारात ओलीची तेवढीच एक जागा, म्हणून त्यांनी यंत्राची तार तिथं नेली. त्यांच्या हिशेबानं याहून पक्की जमीन दुसरी नव्हती. पण पन्हळीचं टोक मातीला टेकलेलं नव्हतं. मधे अर्ध्या बोटाचं अंतर होतं. थेंब लोंबून लोंबून खाली टेकला की यंत्र जमिनीला जोडलं जायचं, थेंब तुटला की सुटायचं. तांबं आणि ओली माती मिळून एक लहानशी बॅटरीच होते, म्हणून मेन स्विच काढूनही प्रत्येक थेंबाचा धक्का यंत्राला बसत होता. सकाळी घागर भरलेली, थेंब भराभर. दिवस चढेल तशी घागर रिकामी होणार आणि थेंब थकणार. आमच्या काचेवर रोज सकाळी जन्मून संध्याकाळी मरत होता तो एवढाच.

मी कंपाउंडरना हाक मारली आणि घागरीखाली तळहात धरला. पन्हळीवरून शेवटचा थेंब निथळला. आत डॉक्टरांनी ओरडून सांगितलं, थांबला. मी हात काढला. पडला, डॉक्टर म्हणाले. कंपाउंडर मटकन चौथऱ्याशी बसले. गळती मृगापर्यंत खंडायची नाही असा त्यांचा नेम होता. देवाच्या पाण्यानं तीन माणसांना खोटा रोग दिला, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला त्यांची कीव आली. मी सांगितलं, गळती चालू राहू दे, तार तेवढी सोडू. रोग्यांच्या घमेल्यांतलं मिठाचं पाणी वापरून झालं की फेकलं जात होतं. ते ओतायला मी खिडकीखाली खड्डा खणला, कोळसा भरला, त्यात तार पुरली. घमेल्यांत पुन्हा ओला पंचा टाकून पाहिलं. सावली सरळ होती. तासभर सरळ राहिली.

चौथ्या दिवशी अक्काला पुन्हा बसवलं. मी नवरदेवासारखा मिरवत होतो. दिवा लागला. काचेवर फक्त तिचं हृदय, स्वच्छ, टोकदार, एकटं. दहा ठोके, वीस ठोके. मग एक ठोका घाईनं आधीच पडला आणि त्याच्यापुढं एक लांब जागा रिकामी गेली. मग पुन्हा सुरळीत. थोड्या वेळानं पुन्हा तसंच.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. हे यंत्राचं, की बाईंचं?"

मला माहीत होतं. यंत्राचा ठोका यंत्राच्या चालीनं येतो, अक्काच्या हृदयाला थांबवून नाही. इथं एका ठोक्यानं दुसऱ्याची जागा खाल्ली होती, म्हणजे दोन्ही एकाच घरातले होते. मला हे माहीत होतं आणि मला दिवाळीही दिसत होती. यंत्राचं म्हटलं की उद्या शस्त्रक्रिया. तिचं म्हटलं की संपलं. तीन दिवस मी जे बाहेरून येतं ते शोधलं होतं आणि सापडलंही होतं. आणखी एक बाहेरचं असलं तर काय बिघडलं?

"यंत्राचं," मी म्हणालो. "कुठंतरी सांधा ढिला असेल. मी बघतो."

डॉक्टरांनी मान हलवली. मग उद्या सकाळी क्लोरोफॉर्म देऊ, असं ते म्हणाले. तेवढ्यात अंधारातून अक्काचा आवाज आला. घमेल्यांत हात घालून ती इतकी मुकाट बसली होती की ती ऐकतेय हे आम्ही विसरलोच होतो.

"ते यंत्राचं न्हाय. माजं हाय."

तिनं डोळे मिटून घेतले. काच तिच्या पाठीमागं होती, तिला ती दिसणं शक्य नव्हतं. मी बोट हलवते, तुमी बघा, एवढंच म्हणाली. डॉक्टर, कंपाउंडर आणि मी बघत राहिलो. सावली उड्या मारत होती. पाण्यात तिचं बोट हललं, आणि त्याच क्षणी काचेवर ती रिकामी जागा गेली. पुन्हा सुरळीत. पुन्हा बोट हललं, पुन्हा रिकामी जागा. एकदाही चुकलं नाही. व्यापाऱ्याच्या भुतानं माझ्या अंगावर काटा आणला होता, पण आता मला जे वाटलं ते त्याहून वाईट होतं. माझी बहीण काच न बघताच सांगत होती, आणि मी नुकतंच तिचं काळीज नाकारलं होतं.

डॉक्टरांनी दिवा मालवून दार उघडलं.  क्लोरोफॉर्मचं नाव त्यांनी काढून टाकलं आणि हृदय अधूनमधूनच चुकतं हे कळल्यामुळं पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचं ठरवलं. त्यात धोका नव्हता असं नाही, पण हृदयावर भार कमी होता. शस्त्रक्रियेत अक्का सगळा वेळ जागी होती. मधे तिनं कंपाउंडरना पाणी मागितलं, त्यांनी घागरीत बुडवलेल्या कापसानं तिचे ओठ ओले केले. गाठ निघाली. नंतर डॉक्टर मला म्हणाले, क्लोरोफॉर्म दिला असता तर बाई उठल्या नसत्या. मी खाली मान घालून ऐकलं.

मृग लागल्यावर अक्काला घरी न्यायला टांगा आणला. कंपाउंडरांनी गळती उतरवली होती, ते दारापर्यंत सोडायला आले. टांगा भवानी पेठेकडे वळला. तो ठोका तिला लहानपणापासून चुकायचा, सांगोल्याला विहिरीवरून घागरी आणतानाही चुकायचा, हे तिनं मला त्या टांग्यात प्रथम सांगितलं.

मी विचारलं, आधी का नाही बोललीस?

"तीन दिस तू तारंला इचारलंस, भितीला इचारलंस, पलीकडच्या मागवाल्यास्नी इचारलंस," ती म्हणाली. "माजा हात तेवडा धरला न्हाईस."

तिनं हात माझ्या मांडीवर ठेवला. मी तिचं मनगट धरलं. बराच वेळ नाडी सरळ चालली होती. मग मधेच एक जागा रिकामी गेली.

"बघ," अक्का म्हणाली.